एक रुपयाचा इसार

माझ्या बहिणीनं पिन कुणालाही सांगितला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकिगत जिथं जिथं पोचली तिथं लोकांनी पहिल्यांदा हेच म्हटलं, "पिन सांगितला असंल म्हातारीनं." नाही सांगितला. पोटच्या पोराला नाही, मलाही नाही. मीच तिला तसं शिकवलं होतं आणि मी शिकवलेलं ती मोडत नसे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बत्तीस वर्षं शिकवलं. इतकी आज्ञाधारक विद्यार्थिनी मला वर्गात कधी मिळाली नाही.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी निवृत्तीनंतर धाराशिवलाच राहिले, ती ईट या गावी राहायची, एकटी. दाजी जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा पुण्यात नोकरीला. दारात तीन म्हशी आणि घराला लागून खव्याची भट्टी. आमच्या त्या पट्ट्यात खवा म्हणजे कौतुकाची गोष्ट नाही, रोजचं मरण आहे. पहाटे दूध काढायचं, कढईत ओतायचं आणि ते आटून गोळा होईपर्यंत जाळासमोर उलथनं फिरवत उभं राहायचं. उभं राहून राहून तिचे दोन्ही गुडघे गेले.

संडास परसात, गोठ्याच्या पलीकडं. दोन पायऱ्या उतरायच्या आणि मग दगडधोंड्यांतून जायचं. तीन वर्षांपूर्वी ती तिथं घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण पोरानं निर्वाणीचं सांगितलं. दिवाळीपर्यंत घरात संडास-न्हाणी बांध, बसायचा कमोड कर, नाहीतर घराला कुलूप लाव आणि पुण्याला ये. त्याचंही चुकीचं नव्हतं. एकटी बाई परसात पडून राहिली तर कुणाला कळणार, ही त्याची धास्ती खरीच होती.

अक्काला पुण्याला जायचं नव्हतं. "तिथं म्या काय करू?" ती मला म्हणायची. "बेल वाजली की दार उघडू आन् परत लावू?" खवा विकून जमवलेले पैसे तिच्या स्वतःच्या नावावरच्या खात्यात होते. गवंड्यानं सांगितलेल्या खर्चाला ते थोडे कमी पडत होते, म्हणून एक म्हैस विकायची ठरली. बोलणं संडासाचं चाललं होतं, पण खरा प्रश्न होता तो तिनं उरलेलं आयुष्य कुणाच्या घरात काढायचं याचा. हे मला तेव्हाही कळत होतं.

म्हैस बाजारात न्यायची म्हणजे दलाल आला. अक्काला बाजार नवा नव्हता, उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा व्यवहार तिनं दाजींच्या मागं उभं राहून जन्मभर पाहिला होता. शेजारचा माणूस म्हैस घेऊन जायला तयारही होता. पण मला माझी हुशारी दाखवायची होती. "बाईमाणूस बघून पाडून मागतील," मी म्हणाले. "आता सगळं घरबसल्या होतं. फोनवर टाकू." चार दिवसांसाठी म्हणून तिच्याकडं आले होते, त्यात मला दुसरा काही उद्योग नव्हता.

आम्ही म्हैस धुतली, शिंगांना तेल लावलं आणि वस्तू विकायच्या एका ॲपवर तिचा फोटो टाकला. खाली मी माझ्या वळणदार भाषेत लिहिलं: दुसऱ्या वेताची, दुधाला भरपूर, स्वभावानं गरीब. किंमत लिहिली आणि अक्काचा नंबर दिला. पैसे फोनवर घ्यायला तिला मीच आदल्या वर्षी शिकवलं होतं. खव्याचे पैसे असेच यायचे आता. पैसे आले की फोन मोठ्यानं बोलायचा आणि ती पदर सावरून ऐकायची, कुणी मोठं माणूस दारात आल्यासारखी.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. माणूस हिंदीत बोलत होता, पण बोलणं असं अदबीचं की आमच्या घरात तसं कुणी कुणाशी बोलत नाही. फौजेत आहे म्हणाला. छावणीत दुधासाठी जनावरं घ्यायची आहेत, फोटो साहेबांना पसंत पडला आहे, किंमत मान्य आहे, गाडी आम्हीच पाठवू. अक्काला "माँजी" म्हणाला. घासाघीस नाही, म्हैस बघायला येणं नाही, दूध काढून दाखवा म्हणणं नाही. ज्या बाईनं आयुष्यात दात मोजल्याशिवाय जनावर घेतलं नव्हतं तिला हे खटकलं. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "बघितल्याबिगर कसं काय घेतुया?" मी म्हणाले, सरकारी काम असंच असतं.

मग त्यानं पुन्हा फोन केला. खातं बरोबर आहे का पाहायला एक रुपया पाठवतो म्हणाला. पाठवला. फोन बोलला, एक रुपया आला. अक्कानं फोन कपाळाला लावला आणि देवापुढं नेऊन ठेवला.

मी हसले. पण तिच्या लेखी तो एक रुपया नव्हता, इसार होता. जनावराच्या व्यवहारात गिऱ्हाईक मालकाच्या हातावर काहीतरी ठेवतं, नोट असो की नाणं, तो इसार. तो हातात घेतला की जनावर त्याचं झालं. मग दुसरा कुणी दुप्पट देतो म्हणाला तरी दावं सोडायचं नाही. इसार घेऊन फिरलेल्या माणसाला बाजारात पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. त्या फोनवरच्या माणसाला यातलं काही ठाऊक असेल असं मला वाटत नाही. त्यानं दहा जणांना पाठवतो तसा रुपया पाठवला असेल. पण आमच्या घरात त्या रुपयानं अक्काचे हात बांधले.

कारण त्याच दिवशी दुपारी खरं गिऱ्हाईक आलं. परांड्याकडचा शेतकरी होता, आपल्या भाच्याला मागं बसवून मोटारसायकलवर आलेला. त्यानं म्हैस फिरवून बघितली, कास दाबली, शेपटी उचलली, अक्काशी वाद घातला आणि शेवटी आमच्या किमतीच्या जरासं खाली येऊन थांबला. पैसे त्याच्या खिशात होते. अक्का म्हणाली, "दादा, इसार घेतलाय. आता मला बोलता येत न्हाय."

"किती घेतलाय?" त्यानं विचारलं.

"घेतलाय," ती म्हणाली. एक रुपया हे सांगायची तिला लाज वाटली नाही, पण इसाराचा आकडा कुणी विचारायचा नसतो आणि सांगायचाही नसतो.

तो माझ्याकडं वळला. "बाई, तुम्ही शिकलेल्या दिसताय. गिऱ्हाईक म्हैस बघून गेलंय का?"

मी म्हणाले, "फौजेतले आहेत. व्यवहार पक्का झालाय." त्यानं आणखी काही बोलायला तोंड उघडलं होतं. मग चहा घेतला आणि गेला. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो मला. त्यानं मला हाताला धरून हलवायला हवं होतं, असं नंतर किती वेळा मनात आलं, आणि मग स्वतःचीच चीड आली. माझं अज्ञान दूर करायचं काम त्या बापड्याचं होतं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी फौजी महाशयांचा फोन आला. गाडी निघाली आहे, पूर्ण पैसे आत्ताच पाठवतो. फोन बंद करू नका. तुमच्या फोनवर मंजुरी मागितली जाईल, पिन टाका, पैसे जमा होतील. आम्ही दोघी ओसरीवर बसलो होतो. फोन अक्काच्या हातात, मी तिच्या खांद्याला लागून.

फोनवर आकडा आला. म्हशीची जी किंमत ठरली होती नेमका तोच, एक रुपयाही इकडं-तिकडं नाही. आकड्याच्या वर इंग्रजीत काहीतरी होतं. माझा चष्मा पिशवीत होता आणि पिशवी हाताच्या अंतरावर होती.

अक्का थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली, "पैसं येत्यात ना आपल्याला? मग पिन कशाला मागतंय?"

चौथी शिकलेल्या बाईनं विचारलं हे. त्या क्षणी विचारायला हवा तो एकच प्रश्न तिनं विचारला. आणि मी, जिनं बायकांच्या मेळाव्यात माईक धरून ऑनलाइन व्यवहारावर भाषणं दिली होती, मी तिला म्हणाले, "बँकेला ओळख पटवावी लागते. टाक."

मला उत्तर माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती, एवढंच. वर्गात पोरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही की मी ठणकावून काहीतरी सांगायची, तसंच सांगितलं. तिनं एकेक आकडा दाबत पिन टाकला. तिला मी शिकवलं होतं की पिन टाकताना कुणाला दिसू द्यायचा नाही, म्हणून मी मान गोठ्याकडं वळवून बसले.

फोन बोलला नाही. पलीकडचा म्हणाला, अडकले वाटतं, पुन्हा एकदा मंजुरी पाठवतो, दोन्ही मिळून येतील. या वेळी आकडा लहान होता. अक्कानं मला विचारलं नाही, फक्त बघितलं, मी मान डोलावली आणि तिनं पुन्हा पिन टाकला. खात्यात जे राहिलं होतं त्यातलं बहुतेक सगळं त्या दुसऱ्या वेळेला गेलं. मग तो म्हणाला, बँकेचं काम सुरू आहे, संध्याकाळपर्यंत सगळं जमा होईल, फोनला हात लावू नका.

त्यानं फोन ठेवल्यावर दोन मिनिटांतच बँकेचा मेसेज आला. तोवर मी चष्मा लावला होता. पैसे वजा झाले, असं त्यात इंग्रजीत स्पष्ट होतं, आणि तेवढं इंग्रजी मला येतं. मी तो मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला आणि अक्काला म्हणाले, "संध्याकाळपर्यंत बघू." मला कळलं होतं. तरी मी संध्याकाळपर्यंत बघू म्हणाले, कारण कळलंय असं म्हटलं असतं तर पुढचं सगळंही म्हणावं लागलं असतं.

ऑनलाइन फसवणुकीसाठी सरकारचा मदतीचा नंबर असतो, त्याला फोन केला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. तक्रार लिहून घेणारा माणूस समजूतदार होता. एवढंच म्हणाला, "मावशी, तासाभरात फोन केला असता तर पैसे वाटेत अडवता आले असते कदाचित. आता बघू." मग त्यानं मला, म्हणजे निवृत्त शिक्षिकेला, शांतपणे समजावून सांगितलं की पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, द्यायलाच लागतो. पिन मागितला की आपल्या खात्यातून पैसे चालले आहेत, मग समोरचा काहीही म्हणो. केवढंसं वाक्य. पिन कुणाला सांगू नका, हे मी शंभर वेळा शिकवलं. पिन कशासाठी असतो, हे एकदाही शिकवलं नाही.

तक्रारीला पासबुकाचे फोटो हवे होते. ते काढून द्यायला जो शेजारी आला त्यानंच बहुतेक पुण्याला कळवलं. अक्काच्या मुलाचा, माझ्या भाच्याचा, फोन आला तेव्हा आम्ही पुन्हा ओसरीवरच होतो. अक्काच्या फोनचा आवाज कायम मोठा असतो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं विचारलं, "मावशी, तुम्ही होता का तिथं, तिनं पिन टाकला तेव्हा?"

"मी मागं गोठ्यात होते," मी म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढं म्हणाले, "मी तर तिला कायम सांगते रे, फोनवर कुणाचं ऐकू नको म्हणून."

अक्का हातभर अंतरावर बसली होती. मांडीवर पासबुक होतं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पासबुकाची दुमडलेली कड बोटानं सरळ करत राहिली.

भाचा म्हणाला, "संडासाचं काय, तो मी बांधून देईन हो मावशी, पैशाचं नाही एवढं. पण तुम्ही सांगूनसुद्धा तिनं ऐकलं नाही. उद्या कुणी घरात शिरून गोड बोललं तर ही दार उघडून देईल. आता तिला एकटं ठेवता येणार नाही."

त्याच वेळी बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. तिनं विचारलं होतं आणि मीच टाक म्हणाले, बस्स. मी म्हणाले, "तुझंही बरोबर आहे."

मग सगळं भराभर झालं. आठवड्याभरात तिन्ही म्हशी पडत्या भावानं बाजारात गेल्या. ती विकाऊ म्हैस दलालानंच विकली. भट्टीची कढई भावकीत कुणीतरी नेली. जायच्या आदल्या दिवशी अक्का सोनारीला भैरवनाथाला जाऊन आली, माझ्याबरोबर नाही, शेजारणीबरोबर. मी घर झाडून घेतलं, डबे धुतले, अंथरुणं बांधली, लागेल त्याहून जास्त काम केलं. मी दमलेली बघून लोक म्हणाले, बहीण असावी तर अशी.

मागच्या वर्षी एका गावात बचत गटाच्या बायकांपुढं बोलायला मला पुन्हा बोलावलं. मी गेले. नाही म्हणण्यासारखं कारण सांगता येईना. तिथं मी ही गोष्ट सांगितली, एका अडाणी बाईची म्हणून. एक रुपयाला इसार समजून तिनं खरं गिऱ्हाईक परतवून लावलं, हे सांगितलं तेव्हा बायका खदखदून हसल्या. मला हे माहीत होतं की त्या हसतील, म्हणूनच मी तिथं जरा थांबले होते. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मात्र सगळ्यांकडून तीन वेळा म्हणवून घेतलं. त्यातल्या एखादीचे पैसे वाचले असतील तर वाचोत. मला त्याचं पुण्य नको. घरी येऊन मी अंघोळ केली आणि जेवले नाही.

या उन्हाळ्यात पुण्याला गेले. भाच्याचं घर चौथ्या मजल्यावर आहे. दोन संडास आहेत, दोन्ही घरात, दोन्हीत बसायची सोय. सून चांगली आहे. हे मला नीट लिहिलं पाहिजे, कारण ती वाईट असती तर बोट दाखवायला मला कुणीतरी मिळालं असतं. अक्काला वेळेवर औषध मिळतं, गुडघ्याला पट्टा आहे. फोन साधा, बटणांचा. पासबुक मुलाकडं. सोनारीच्या भैरवनाथाला नारळाचे आणि दिव्याच्या तेलाचे पैसे पाठवायचे होते, तर ती दोन महिने झाले म्हणतेय आणि तो पाठवू पाठवू म्हणतोय. त्याच्या ध्यानात राहत नाही, दुसरं काही नाही.

दुपारी सून बाहेर गेली होती. अक्का मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि एकदाचं म्हणाले, "अक्का, मी त्या दिवशी खोटं बोलले."

"कवा?"

"त्याला म्हणाले ना, गोठ्यात होते म्हणून."

"ऐकलं की म्या. शेजारीच व्हते."

"मग बोलली का नाहीस? तिथंच सांगायचं होतंस."

तिनं एक काडी निवडली, पानं टोपल्यात टाकली, देठ बाजूला ठेवलं. "म्या बोलले असते तर त्यो म्हणला असता, मावशी कशाला खोटं बोलंल? तू मास्तरीण."

मला रडू आलं. तिनं माझ्यापुढं मेथीची अर्धी जुडी सरकवली, म्हणून मी निवडायला लागले. थोड्या वेळानं म्हणाली, "घर भाड्यानं द्यायचं म्हणतोय. किराणावाला माल ठेवायला मागतोय म्हणं. अजून दिलं न्हाय."

"हं."

"तू खरं सांगितलंस तर इचार करंल त्यो. म्या येडी न्हाय, एवढं कळलं तरी गावाकडं परत जाऊ दील मला." मग पहिल्यांदा तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "सहाला येतुया घरी. आज सांग."

मी सांगते म्हणाले. मेथी संपवली, हात धुतले, पिशवी आवरली. माझी गाडी चारची होती. ती मी चुकू दिली नाही.